ज्वारीला ठेचून बिब्बा

"सर, किड्यांसकट दळलेल्या ज्वारीची भाकरी शाकाहारी म्हणायची का मांसाहारी?"

प्रश्न मनस्विनीच्या तोंडून बाहेर पडला खरा, पण तो तिचा नव्हता. साक्षी आणि मालविका या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो भेळ खाता खाता तयार केला होता आणि दम असेल तर विचार म्हणून तिच्या गळ्यात मारला होता. नववीपर्यंत मनस्विनीचा आवाज फक्त हजेरीला ऐकू यायचा, तोही अर्धा. ती काही उठत नाही, असा दोघींचा पक्का हिशेब होता. पण दहावीत गेल्यावर माणसाला काहीतरी होतं. ती उठली, ओढणी सारखी केली आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात विचारून मोकळी झाली.

हे घडलं ट्यूशनमध्ये. लातुरात तेव्हा शाळा ही हजेरी लावायची जागा होती आणि शिकायचं ते ट्यूशनला. ही ट्यूशन एका जुन्या डाळमिलच्या गोदामात भरायची. पंखे फिरले की पत्र्याखालून अजून तुरीचा भुसा उडायचा. जीवशास्त्राच्या सरांनी खडू ठेवला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, की आधी घरच्या कोठीत बघून ये, सापडले तर बाटलीत घालून आण, भाकरीची जात आपण नंतर ठरवू. अख्खा हॉल हसला. पण तो तिला हसला नाही, तिच्या बाजूनं हसला. हा फरक ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतो त्याचे पाय त्या दिवशी जमिनीला लागत नाहीत.

घरी येऊन तिनं तडक कोठी उघडली.

या कोठीबद्दल सांगायला पाहिजे. भूकंपाच्या आधी ती माळ्यावर असायची. भूकंपानंतर लातुरात डोक्यावर काही ठेवायचं नाही असा घराघरात कायदा झाला. पितळी हंडे, ट्रंका, गाद्या, सगळं खाली आलं. मनस्विनीच्या घरातली ज्वारीची कोठीही खाली आली आणि मोरीच्या भिंतीला लागून, पलंगाच्या उशाशी, कायमची बसली. मोरीची भिंत बारा महिने ओली. धरणी हलली तर कोठी डोक्यात पडू नये याची काळजी सगळ्यांनी घेतली, पण धरणी न हलता कोठीत काय चाललंय हे कुणी पाहिलं नाही. मनस्विनीनं हात घातला तर ज्वारी कोमट लागली. मूठ उघडली तर तळहातावर सोंडवाले काळे किडे फिरायला निघाल्यासारखे चालत होते.

बाटली ट्यूशनमध्ये गाजली. सरांनी भिंगातून सगळ्यांना दाखवली. मनस्विनीला वाटलं, विषय संपला. पण विषय तिथून सुरू झाला, कारण मनस्विनीच्या घरात खानावळ होती.

आता ट्यूशनवाल्या लातुरात कुणाच्या घरात नव्हती? ज्याला एक जादा खोली होती त्यानं पोरं ठेवली, ज्याला खोली नव्हती त्यानं डबे दिले. हिच्या घरी गच्चीवरच्या खोलीत बारावीची पोरं राहत होती, आणि त्यांतला किनवटचा सुदर्शन हा फार सभ्य होता. सभ्य माणसासारखं घातक कुणी नसतं. संध्याकाळी ताटावर बसल्यावर त्यानं अत्यंत अदबीनं विचारलं, "काका, ती ट्यूशनमधली बाटली आपल्याच ज्वारीची का हो?"

काका म्हणजे मनस्विनीचे वडील, राघवेंद्रराव. पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांचं अक्षर इतकं सुरेख, की वरचे साहेब मजकूर न वाचता सही करत. ज्वारी त्यांच्या स्वतःच्या शेतातली, औशाकडच्या गावाहून आलेली, आणि 'आमच्याकडे विकतचं धान्य शिजत नाही' हे वाक्य ते नव्या माणसाला नावाच्या आधी सांगत. तो घास त्यांनी कसाबसा गिळला. पोरं वर गेल्यावर मात्र त्यांनी मनस्विनीला जे ऐकवलं त्याचा सारांश असा, की किडे कुणाच्या घरात नसतात, पण बाटलीत घालून गावभर मिरवणारी कार्टी फक्त आमच्याच घरात जन्माला आली.

आई घरात असती तर तिनं ज्वारी उन्हात घातली असती आणि ही गोष्ट इथंच मिटली असती. पण लताबाई शाळेतून रजा काढून नांदेडला बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. स्वयंपाकाला सरजाबाई होत्या. त्या सकाळ-संध्याकाळ येऊन भाकऱ्या थापून जायच्या, आणि त्यांच्या भाकरीसाठी पोरं आई-बापाचा विरह सोसत होती. थोडक्यात, घरात विचारायला बायकोच नव्हती, म्हणून राघवेंद्ररावांनी कोठीचा प्रश्न स्वतःच्या हातात घेतला.

पुरुष माणसानं घरातलं काम हातात घेतलं की पहिल्यांदा तो शेजाऱ्याला विचारतो. शेजारी होते बापूसाहेब, निवृत्त नायब तहसीलदार. निवृत्त झाले तरी त्यांच्यातला तहसीलदार अजून कामावर होता. ते प्रत्येक गोष्टीची स्थळपाहणी करत. त्यांनी कोठीची स्थळपाहणी केली, काठीनं दोनदा ठोकली आणि निर्णय दिला, "कडुनिंब."

अंगणातला कडुनिंब त्या संध्याकाळी बोडका झाला. इथवर ठीक. पण राघवेंद्ररावांना आठवलं, की खानावळीत स्वच्छता पाहिजे. त्यांनी पाला बादलीत बुचकळून, खळखळून धुतला आणि तसाच निथळता कोठीत भरून झाकण लावलं. मनस्विनी म्हणाली, बाबा, ओला आहे. ते म्हणाले, तू बाटल्या भर. चार दिवसांनी कोठीतून लग्नाच्या मांडवामागं येतो तसा वास यायला लागला. झाकण उघडलं तर किडे ठणठणीत, आणि वरच्या थरातल्या ज्वारीला मोड आलेले.

मग ज्वारी गच्चीवर वाळत पडली. गच्चीवर पोरं वाचत बसायची. त्यांना पारव्यांवर नजर ठेवायची कामगिरी मिळाली. त्यांनी पारव्यांवर नजर ठेवली आणि पारव्यांनी ज्वारीवर. मुंग्यांनी भिंतीवरून एक अखंड रांग लावून जेवढं नेता येईल तेवढं नेलं. अंगणात लताबाईंचा मेथीचा वाफा होता, त्याच्यावर ज्वारीचा कोंडा उडून बसला. त्या कोंड्यातल्या किड्यांनी मेथी खाल्ली, असं राघवेंद्रराव ठामपणे म्हणत. खरं तर मेथी त्यांच्याच चपलेखाली गेली होती. पाला काढताना ते वाफ्यात उभे होते.

पुढचा सल्ला एरंडेलाचा. हा बरोबर सल्ला होता, आजही आहे; डाळीला थोडं एरंडेल चोळतात. थोडं. राघवेंद्ररावांनी ज्वारीला अंग रगडून तेल लावलं. ज्वारीचे लाडू वळता येतील अशी तिची अवस्था झाली, आणि त्या लाडवांत बुळबुळीत झालेले किडे आणखी चपळाईनं फिरताना दिसले. परत ऊन, परत पारवे.

तिसऱ्या खेपेला बापूसाहेब खिशातून काहीतरी काढल्यासारखा हात पुढे करून, आवाज खाली आणून म्हणाले, की आता गोळी टाका. कृषी केंद्रात मिळते ती, धान्यातली. एक गोळी फडक्यात बांधून तळाशी ठेवायची, किडा औषधाला शिल्लक राहणार नाही.

इथं मात्र मनस्विनी पेटली. त्या गोळीची वाफ माणूस मारते, हे तिला ट्यूशनच्या सरांनी सांगितलं होतं. आणि सरांनी नसतं सांगितलं तरी, बंद खोलीत धान्याला गोळ्या लावून शेजारी झोपलेल्या माणसांच्या बातम्या पेपरात येत नव्हत्या का? कोठी पलंगाच्या उशाशी होती. पलंगावर ती झोपत होती. तिनं अंगणात उभं राहून, बापूसाहेबांच्या तोंडावर सांगितलं, की गोळी घरात आली तर मी रस्त्यावर गादी टाकून झोपेन, आणि का झोपले ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन. बापूसाहेब म्हणाले, "राघवेंद्र, पोरगी लई बोलू लागली बरं का." राघवेंद्ररावांनी मान हलवली. पण गोळी आली नाही.

गोळीच्या जागी बिब्बा आला.

बिब्बा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ते एक काळं, चपटं, टणक फळ असतं आणि त्याच्या पोटात काळं जहाल तेल असतं. जुन्या बाया अख्खे बिब्बे धान्यात टाकायच्या. किडा लागत नाही म्हणतात. दळणाच्या आधी एकेक वेचून काढायचे, मोजून. कारण ते तेल कातडीला लागलं की फोड येतात, सूज येते, आग होते. त्याला बिब्बा उतणं म्हणतात, आणि मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक असतं. शेंबड्या पोराला ठाऊक असतं, याचा अर्थ निवृत्त नायब तहसीलदाराला असतंच असं नाही. बापूसाहेबांचं म्हणणं पडलं, की हल्लीच्या बिब्ब्यांत जोर राहिला नाही, अख्खे टाकून काय उपयोग, ठेचून टाका, वास सुटला पाहिजे. शिवाय हे आयुर्वेदिक. तुमच्या मुलीचीही तक्रार राहणार नाही.

राघवेंद्ररावांनी दोन्ही हातांत पॉलिथिनच्या पिशव्या घातल्या, मनगटाला सुतळी बांधली, आणि बत्त्यानं बिब्बे ठेचले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसारखे दिसत होते. ते कोठीत कालवले. मनस्विनीनं विचारलं, की हे दळताना काढणार कसं? ते म्हणाले, चाळून. तिनं ओंजळीत घेऊन दाखवलं, की ठेचलेला तुकडा आणि ज्वारीचा दाणा आकारानं सारखाच आहे, चाळणीतून दोन्ही जातील नाही तर दोन्ही राहतील. ते म्हणाले, तुझी प्रीलिम कधी आहे?

दुसऱ्या दिवशी मनस्विनी ट्यूशनला गेली असताना सरजाबाई दळणाला ज्वारी काढायला बसल्या. सूप घेतलं, चष्मा लावला. राघवेंद्ररावांनी त्यांना थांबवलं. ज्वारीवर शास्त्रशुद्ध प्रक्रिया झालेली आहे, निवडायची आता काही गरज नाही, त्यात हातही घालू नका, भांड्यानं डबा भरा आणि सरळ गिरणीत न्या, असं सांगितलं. बिब्बा हा शब्द काढला नाही. प्रक्रिया म्हणाले. सरजाबाईंनी साहेबाचं ऐकलं. या सगळ्या प्रकरणात त्यांची चूक शोधायचीच असेल तर एवढी एकच सापडते.

कोपऱ्यावरच्या व्यंकटीच्या गिरणीत ते दळण झालं. रांगेत त्यांच्या मागं बापूसाहेबांचा डबा होता. जात्यात आधीच्या दळणाचं मूठभर राहतंच, ते पुढच्याच्या डब्यात पडतं. त्यामुळे सल्ला ज्याचा होता त्यालाही त्याच्या वाट्याचं घरपोच मिळालं, आणि या गोष्टीत न्याय झाला असेल तर तो तेवढाच.

पीठ मळून भाकरी थापायची ती तळहातानं. संध्याकाळच्या भाकऱ्या झाल्या, पोरं जेवली; पीठ जुनंच समजून मनस्विनीही जेवली. सकाळी सुदर्शन खाली आला तेव्हा त्याच्या ओठांनी चेहऱ्याची निम्मी जागा घेतली होती. देगलूरच्या पोराचा गाल फुगला होता. राघवेंद्ररावांच्या मिशा आडव्या असायच्या, त्या उभ्या राहिल्या होत्या, कारण खालची जमीन वर आली होती. मनस्विनीच्या जिभेला आग लागली होती आणि गंमत म्हणजे बोलायला तिला कधी नव्हे इतकं सुचत होतं. आणि सरजाबाई दारात आल्या त्या दोन्ही हात पुढं धरून. तळहात टरारून फुगलेले, बोटं मिटत नव्हती.

त्यांनी हात दाखवले आणि साधं म्हणाल्या, "साहेब, बिब्बा उतलाय. पिठात बिब्बा हाय."

राघवेंद्ररावांच्या ओठांना त्या दिवशी 'बिब्बा' हा शब्द म्हणता येण्यासारखा नव्हता, हे मान्य. पण मान हलवता येत होती. त्यांनी ती आडवी हलवली. आमच्याकडे तसलं काही नाही. तुमच्या घरी असेल. तिथून हाताला लावून आलात.

मनस्विनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. तिला आधी वाटलं, ओठ सुजल्यामुळे बाबा काहीतरी भलतंच बोलले. मग ते परत तेच बोलले.

गच्चीवरच्या पोरांनी तोवर एसटीडी बूथ गाठला होता. सुदर्शनच्या वडिलांनी किनवटहून निरोप दिला, की रविवारी येतो, कंधारच्या आणि देगलूरच्या पालकांनाही घेऊन येतो, बघू काय खायला घालतात ते. रविवार हा शब्द ऐकल्यावर राघवेंद्ररावांच्या डोळ्यांसमोर गच्चीवरची खोली रिकामी दिसायला लागली. आणि खोलीच्याही आधी गल्लीत गेलेली अब्रू दिसली. दोषी पाहिजे होता, आणि रविवारच्या आत पाहिजे होता.

पहिला मान व्यंकटीला मिळाला. राघवेंद्ररावांनी त्याच्या गिरणीविरुद्ध अर्ज लिहिला. काय अर्ज होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'कळावे' पर्यंत एक खाडाखोड नाही. लुनावर मागे मनस्विनी, मनस्विनीच्या मांडीवर पिठाचा डबा, अशी वरात नगरपालिकेच्या आरोग्य विभागात गेली. तिथल्या माणसानं विचारलं, तक्रार धान्याची, पिठाची का भाकरीची? धान्याची असेल तर पुरवठा विभाग, भाकरीची असेल तर अन्न प्रशासन, आणि किड्याबद्दल असेल तर कृषी. पीठ आमच्याकडे येतं, पण पाकीटबंद पाहिजे. हे सुटं आहे. पुरवठ्यात सांगितलं, की रेशनची ज्वारी असेल तरच बोला. अन्नवाल्यांनी विचारलं, विकत घेतल्याची पावती? राघवेंद्रराव सवयीनं ताठ होऊन म्हणाले, आमच्याकडे विकतचं धान्य शिजत नाही, घरचं शेत आहे.

टेबलामागचा साहेब अर्ज उलटासुलटा वाचत राहिला. मग म्हणाला, "पिकवलं तुम्ही, साठवलं तुम्ही, दळायला दिलं तुम्ही, खाल्लंही तुम्हीच. अर्जदार आणि गैरअर्जदार एकच दिसून राहिलेत. मी नोटीस कुणाला काढू?"

मनस्विनीला हसू फुटलं आणि जीभ चावली गेली, आधीच सुजलेली. राघवेंद्ररावांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्या अर्जाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी आशय विचारला होता. ते उठायला लागले तेव्हा साहेबानं उगीच, माणुसकी म्हणून, जाता जाता विचारलं: स्वयंपाकाला बाई आहे का? मग तिची तपासणी करून घ्या ना. बऱ्याचदा हाताचंच असतं.

ते वाक्य राघवेंद्ररावांनी पिठाच्या डब्यासारखं जपून घरी आणलं. बापूसाहेब सुजल्या तोंडानं कट्ट्यावर बसलेच होते. सरजाबाई त्यांच्याकडेही भाकऱ्या करायच्या. दोन घरं, दोन्हीकडं सूज, दोन्हीकडं सरजाबाई. तहसील कचेरीत याहून कमी पुराव्यावर निकाल लागलेत, असं बापूसाहेब म्हणाले. दोन्ही घरांत गिरणीही एकच होती आणि सल्लाही एकच होता, हे तिथं उभी असलेली मनस्विनी म्हणाली. तिला आत जायला सांगितलं गेलं.

सरजाबाईंना निरोप गेला, की त्वचेचा रोग नाही असं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट आणा, मग कामावर या. त्या गेल्या. डॉक्टरनं हात न धरता लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, एवढे फोड असताना फोड नाहीत असं कसं लिहून देऊ? बरे झाले की या. बरे झाल्यावर सर्टिफिकेटची गरज काय, हे त्यांनी विचारलं म्हणून मागच्या माणसानं त्यांना रांगेतून बाजूला केलं. तोवर गल्लीत बातमी फिरली होती. सरजाबाईंच्या हातांना काहीतरी आहे. त्या जिथं जिथं भाकऱ्या करायच्या त्या बाकीच्या खानावळींनीही त्यांना थांबवलं. कुणी भांडलं नाही, ओरडलं नाही. दारातून गोड बोलून, हात मागे बांधून, थांबवलं. लातुरात तेव्हा पोरांच्या पोटाइतकं नाजूक काही नव्हतं. पेपरात आलं असतं तर चाललं असतं, पण गल्लीत आलं की संपलं.

मनस्विनीचा जीव आता एका आशेवर होता. आई येणार होती.

शनिवारी दुपारी लताबाई नांदेडच्या गाडीनं उतरल्या. पिशवी खाली ठेवायच्या आत मनस्विनीनं त्यांना कोठीपाशी नेलं. लताबाईंनी वास घेतला. चिमट्यानं ज्वारी हलवली. एक काळा तुकडा उचलून उजेडात धरला. मग त्या वळल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ठेचले?"

त्यानंतर त्यांनी जे सुनावलं ते ऐकून मनस्विनीचं मन भरून आलं. लग्नात हुंड्यापेक्षा अक्कल मागायला पाहिजे होती, इथून सुरुवात झाली. आपण गेलो तेव्हा घरात एक कडुनिंब आणि एक नवरा होता, परत आलो तर दोन्ही बोडके सापडले, असं करत त्या मेथीच्या वाफ्यापर्यंत गेल्या. राघवेंद्रराव पेपर वाचत होते, उलटा. मनस्विनी कपाटाला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता आई पदर खोचेल, सरजाबाईंकडे जाईल.

लताबाईंनी पदर खोचला. कोठीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "आता झालं ते झालं. बाहेर बोलायचं नाही. उद्या पालक येतायत. बाई बदलली म्हणून सांगू. महिन्याभरानं सरजाबाईंना परत बोलावून घेऊ, त्यांना काय, काम मिळालं म्हणजे झालं."

मनस्विनीला वाटलं, बाबांचं तोंड सुजलं होतं, निदान तेवढं तरी कारण होतं. आईच्या तोंडाला काहीही झालेलं नव्हतं. ही बाई सकाळी दहा वाजता चौथीच्या वर्गाला खोटं बोलू नये म्हणून फळ्यावर सुविचार लिहिते, आणि चुकलं तर पट्टी मारते.

ती भांडली. ती इतकी भांडली, की वरच्या पोरांनी पाठांतर थांबवलं. आई म्हणाली, तुला संसार कळत नाही. बाबा म्हणाले, तू बाटली आणली नसतीस तर काही झालं नसतं. म्हणजे शेवटी किडेसुद्धा मनस्विनीनेच आणले होते. मोरीची भिंत, ओला पाला, तेल, बत्ता, प्रक्रिया, सगळं निर्दोष सुटलं, आणि एक पोरगी आणि एक बाई अडकली. तिनं चप्पल घातली आणि बाहेर पडली.

सरजाबाई घरी उंबऱ्यात बसल्या होत्या. हातांना खोबरेल लावलेलं. त्यांच्या सुनेनं चूल पेटवली होती आणि सासू काम करत नाही म्हणून ती भांडी जरा जास्त जोरात ठेवत होती. मनस्विनी माफी मागायला लागली तर सरजाबाई वैतागल्या. माफी घेऊन मी काय भाजी करू, म्हणाल्या. तुमच्या घरचं काम मला न्हाई पायजे, तुमची पोरं तुम्हाला लखलाभ.  मग म्हणाल्या, "माझ्या हाताला रोग न्हाई, एवढं एकदा तुझ्या बापानं चार लोकांत म्हनावं. घरात नको. घरात त्याला ठावंच हाय. चार लोकांत."

मनस्विनीनं त्यांना एक गोष्ट विचारली. सरजाबाईंनी आधी नाही म्हटलं, मग सुनेकडं पाहिलं, मग म्हणाल्या, "हाव. येते."

संध्याकाळी घरात पिठलं-भात होता. भाकरी अर्थातच नव्हती. राघवेंद्रराव रविवारची तयारी सांगत होते: पालकांसाठी खुर्च्या बापूसाहेबांकडून आणायच्या, पोहे, मग चहा, आणि चहा झाला की आपण विषय काढायचा. नवीन बाई बघतोय. जुनीच्या हाताचा जरा त्रास होता. वाक्य त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. सूज उतरली होती, शब्द स्वच्छ येत होते. लताबाईंनी मान डोलावली आणि मनस्विनीच्या ताटात भात वाढला.

मनस्विनीनं ताट पुढं सरकवलं. तिचा आवाज चढला नाही, याचं तिलाच नवल वाटलं. 

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या पोहे होईपर्यंत मी गप्प बसेन. चहा येईपर्यंतही बसेन. तेवढ्यात बाबांनी सांगितलं, की बिब्बे मी ठेचले आणि बाईंना निवडू दिलं नाही, तर मी तोंडही उघडणार नाही. नाही सांगितलं तर चहाचे कप उचलायच्या आत मी सांगणार. सुदर्शनच्या वडिलांना, कंधारवाल्यांना, बापूसाहेबांना, सगळ्यांना."

राघवेंद्रराव काहीतरी म्हणणार होते. लताबाईंनी त्यांच्या आधी तोंड उघडलं होतं. मनस्विनी थांबली नाही.

"आणि खुर्च्या आणायच्याच आहेत तर एक जास्तीची आणा. सरजाबाई येणार आहेत. मी सांगून आले. दारात नाही बसणार त्या. पालकांच्या रांगेत बसणार, आणि त्यांचा चहा मी स्वतः आणणार. ओठ पोळणार नाहीत असा."